कॅमेऱ्यात केळी जांभळी दिसते तेव्हा

चोपड्याजवळच्या एका वावरातून सकाळी सातला फोन आला. “भाऊ, तुना कॅमेरा परत बिघडी गया. केळी जांभळी दिखी ऱ्हायनी.”

मी सीसीटीव्ही कॅमेरे बसवतो आणि दुरुस्त करतो. नानांचा हा तिसरा फोन. पहिल्या वेळी वॉरंटीत होता म्हणून मी कॅमेराच बदलून दिला. दुसऱ्या वेळी उघडून साफ केला. दोन्ही वेळा काही दिवस चित्र झकास होतं. मग एके सकाळी बागेतली हिरवीगार पानं फिकट गुलाबी आणि नानांची काळी छत्री वांग्याच्या रंगाची. (भरताचं वांगं नव्हे, ते आपल्या खान्देशात हिरवं असतं. बाजारातलं साधं जांभळं.) तिसऱ्या वेळी मी पेचकस बाहेरच काढला नाही. भिंतीवरचं कॅलेंडर आणि खिशातला व्होल्टेज मोजायचा मीटर, एवढ्यावर बिघाड सापडला. ते पुढे सांगतो. आधी जे प्रत्येकाने घरी करून बघावं असं आहे ते.

रंग बिघडला की लोक थेट कॅमेऱ्यावर संशय घेतात. मी आधी दोन गोष्टी विचारतो: कुठे बिघडलाय आणि किती वाजता बिघडतो. या दोन उत्तरांवर निम्म्याहून जास्त कामं फोनवरच मिटतात.

“कुठे” म्हणजे टीव्हीवर की मोबाइलवर, आणि एकाच कॅमेऱ्यात की सगळ्यांत. सगळेच कॅमेरे एकदम पिवळे दिसायला लागले आणि मोबाइलच्या ॲपवर मात्र रंग ठीक असले, तर कॅमेऱ्यांची काही चूक नाही. डीव्हीआरपासून (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यापासून) टीव्हीपर्यंत जी निळ्या डोक्याची व्हीजीए केबल जाते ती बघा. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा यांच्या तीन वेगळ्या तारा असतात. लाल तुटली तर चित्र निळसर-हिरवट होतं, हिरवी तुटली तर गुलाबी-जांभळं, निळी तुटली तर पिवळं. धुळ्याला एका घरी उंदराने ही केबल कुरतडली होती. मालकाने मला बोलवायच्या आधीच चार नवे कॅमेरे ऑर्डर करून ठेवलेले! केबलचं डोकं काढून आतल्या पिना बघा, एखादी वाकलेली असते. टाचणीने सरळ होते. एचडीएमआय केबल असेल तर असा एकच रंग जाण्याचा प्रकार सहसा होत नाही, तिथे टीव्हीचंच पिक्चर सेटिंग तपासा. घरातल्या पोरांनी “व्हिव्हिड” करून ठेवलेलं असतं.

मोबाइलवरही तोच रंग दिसत असेल आणि तोही एकाच कॅमेऱ्यात, तर पुढे वाचा.

दिवसा गुलाबी

सगळ्यांत जास्त फोन याचेच, म्हणून यावर जरा थांबतो.

आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. कॅमेऱ्यातला सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि त्याला त्याच्या पुढचा, म्हणजे जवळजवळ १००० नॅनोमीटरपर्यंतचा इन्फ्रारेडही दिसतो. रात्री याचाच फायदा घेतात: लेन्सभोवतीचे आयआर (इन्फ्रारेड) दिवे ८५० नॅनोमीटरचा प्रकाश टाकतात, आपल्याला फक्त अंधुक लाल ठिपके दिसतात आणि कॅमेऱ्याला अख्खं अंगण दिसतं. दिवसा मात्र हाच इन्फ्रारेड रंगांत घुसून सगळी गडबड करतो. म्हणून लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये एक नखाएवढी काच असते, आयआर कट फिल्टर. दिवसा ती सेन्सरपुढे सरकते, रात्री बाजूला होते. सरकवायला एक चिमुकली कॉइल आणि लोहचुंबक. संध्याकाळी कॅमेऱ्याजवळ शांत उभं राहिलं तर जो “टक्” आवाज येतो, तो हाच.

ही काच सकाळी परत जागेवर आली नाही, की दिवसभर चित्र गुलाबी. झाडाची पानं इन्फ्रारेड भरपूर परावर्तित करतात, त्यामुळे शेतातल्या कॅमेऱ्यात हा बिघाड पहिल्याच दिवशी डोळ्यात भरतो. शहरात समोर राखाडी भिंत आणि डांबरी रस्ता असला, तर महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. मग कधीतरी कुणीतरी विचारतं, “पोराचा शाळेचा काळा बूट चॉकलेटी का दिसतो?” काळं सिंथेटिक कापड बहुतेकदा मरून किंवा जांभळं दिसतं. अर्धं चित्र बरोबर आणि अर्धं गुलाबी, मध्ये उभी कड, असं असेल तर काच वाटेतच अडकली आहे.

खात्री करायला टीव्हीचा रिमोट पुरे. भर दिवसा, पण सावलीत, कॅमेऱ्यासमोर हातभर अंतरावर रिमोट धरा आणि बटण दाबून ठेवा. दुसऱ्याला मोबाइलवर लाइव्ह चित्र बघायला सांगा. रिमोटचा प्रकाश इन्फ्रारेडच असतो. काच जागेवर असेल तर रिमोटच्या टोकाला काहीच दिसणार नाही, किंवा अगदी फिकट ठिणगी दिसेल. काच बाजूला असेल तर पांढरा-जांभळा दिवा लखलखताना दिसेल. घराघरात असलेली ही चाचणी आहे आणि माझ्याच धंद्यातली निम्मी मंडळी ती करत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

मग ॲपमध्ये किंवा डीव्हीआरच्या इमेज सेटिंगमध्ये “डे-नाइट” असा पर्याय शोधा. तिथे ऑटो असेल. ते रंगीत करा, मग काळं-पांढरं करा, परत रंगीत. असं पाच-सहा वेळा. प्रत्येक वेळी कॅमेऱ्याला कान लावा (शिडीवर चढताना खाली कुणाला तरी धरायला लावा).

टक् आवाज येतोय आणि तरी गुलाबीच: काच चौकटीतून निसटली आहे, किंवा तिला ढकलणारी प्लास्टिकची दांडी मोडली आहे. सेटिंगने ते सुटणार नाही, फिल्टरचा भाग बदलावा लागेल. आवाजच येत नाही: काच चिकटली आहे, कॉइल गेली आहे, किंवा कॉइलला पुरेसा करंट पोचत नाही. पेचकसाच्या मुठीने कॅमेऱ्याच्या डोक्यावर हलकेच दोन टिचक्या मारा. रंग तेवढ्यात परत आला तर काच चिकटलेलीच आहे असं समजा. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या आसपास जातो. भुसावळ-जळगावच्या पत्र्याखाली, पश्चिमेकडे तोंड करून लावलेल्या धातूच्या बुलेट (लांबट नळीसारख्या) कॅमेऱ्याचं अंग हाताला चटका देतं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या कागदावर ५० ते ६० अंशांची मर्यादा लिहिलेली असते आणि ती हवेच्या तापमानाची असते. उन्हात तापलेल्या डब्याच्या आत काय होत असेल, विचार करा. दुपारी बिघडतो आणि संध्याकाळी आपोआप नीट होतो असा कॅमेरा असेल, तर त्याच्यावर पत्र्याची छोटी टोपी बसवा किंवा तो उत्तरेच्या भिंतीला न्या.

वॉरंटीत असेल तर उघडू नका. नसेल आणि हात शिवशिवत असतील तर पावसाळ्यात तरी नका उघडू, दमट हवा आत अडकली की रात्री काचेवर धुकं धरतं. उन्हाळ्यात, पंखा बंद करून, स्वच्छ कापडावर उघडा. आत पाणी शोषणाऱ्या दाण्यांची पुडी असते, ती बदला. फिल्टरच्या काचेला बोट लावलंत तर ठसा कायमचा तुमच्याबरोबर राहील.

नानांचं कॅलेंडर

आता तिसरा फोन.

नानांचा डीव्हीआर रस्त्याकडेच्या खोलीत आहे आणि कॅमेरा बागेच्या टोकाला, मोटरच्या खोलीच्या भिंतीवर. मध्ये नव्वद-एक मीटर थ्री प्लस वन केबल (चित्राची एक तार आणि सोबत तीन बारीक तारा). चहा येईपर्यंत मी जुनं रेकॉर्डिंग मागे मागे बघत बसलो आणि कोणत्या तारखेला चित्र गुलाबी होतं ते वहीवर मांडलं. सलग पाच दिवस गुलाबी, मग आठवडाभर ठीक, मग परत चार दिवस गुलाबी. नजर भिंतीवर गेली. नाना कॅलेंडरवर शेतीच्या लाइटची पाळी लिहून ठेवतात: दिवसपाळीच्या आठवड्याला “दि”, रात्रपाळीला “रा”. माझ्या वहीतल्या सगळ्या गुलाबी तारखा “रा” च्या आठवड्यात बसल्या. एकही बाहेर नाही.

मी नानांकडे मुक्काम केला. पहाटे पाचला मीटर घेऊन शिडीवर. आजूबाजूच्या सगळ्या मोटरी चालू. खोलीतल्या एसएमपीएसवर (कॅमेऱ्याला १२ व्होल्ट देणाऱ्या डब्यावर) १२ च्या जागी ११.४ व्होल्ट, आणि कॅमेऱ्याच्या पिनेवर ९.१. तोच कॅमेरा आदल्या दुपारी मोजला होता, तेव्हा ११.२ होता.

कारण सरळ आहे. दिवसा कॅमेरा थोडाच करंट खातो. रात्री आयआर दिवे लागले की तो तीन-चार पट होतो, आणि जितका करंट जास्त तितकी बारीक तारेतली घट जास्त. त्यात रात्रपाळीच्या मोटरींनी लाइनच पाडलेली. नेमक्या अशा वेळी, उजाडता उजाडता, कॉइलला एका झटक्यात काच ढकलायची असते. झटका कमी पडतो, काच अर्ध्यावरून मागे येते. नंतर दिवे बंद होतात, व्होल्टेज सावरतं, चित्र लख्ख येतं, पण काच बाहेरच. कॅमेऱ्याच्या मते त्याने आपलं काम केलेलं असतं, म्हणून तो परत प्रयत्न करत नाही. संध्याकाळपर्यंत केळी जांभळी.

मी दोन कॅमेरे उगाच बदनाम केले होते.

उपाय तासाभराचा होता. केबलमधल्या तीन बारीक तारांपैकी दोन पॉवरला वापरतात, तिसरी माइकसाठी असते. माइक नव्हता, म्हणून तिसरी तार दोन्ही टोकांना प्लसच्या तारेला जोडून टाकली. घट पाव हिश्शाने कमी झाली. एसएमपीएस बदलून जरा बरा, कमी लाइटवरही टिकणारा घेतला. त्याच्या तारा जोडायच्या पट्टीशेजारी एक छोटा स्क्रू असतो, त्याने आउटपुट १२.८ ला आणलं. त्याच्या वर मी नेत नाही, कारण जवळच्या कॅमेऱ्याला ते पूर्णच्या पूर्ण पोचतं. दुसऱ्या पहाटे, मोटरी चालू असताना, पिनेवर ११.१ मिळाले. साडेसहाच्या सुमारास मी खाली उभा होतो. टक्.

गावातल्या घरांनाही हे लागू आहे. इन्व्हर्टरवर चालणारे कॅमेरे, तीन मजले चढून गच्चीवर गेलेली केबल, आठ कॅमेऱ्यांना एकच स्वस्त पुरवठा. मीटर लावायचा तर रात्री, दिवे लागलेले असताना आणि कॅमेऱ्याच्या टोकाला लावा. दिवसा डीव्हीआरजवळ मोजून “बारा आहेत की” म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

दिवसाही काळं-पांढरं

इथे आधी बघा, आयआर दिवे दिवसा लागलेत का. तळहाताची सावली करून लेन्सभोवती पाहिलं की लाल ठिपके कळतात. लागले असतील तर कॅमेऱ्याला रात्र वाटते आहे. प्रकाश ओळखणारा बारीक डोळा धुळीने, कोळ्याच्या जाळ्याने नाहीतर कबुतराच्या विष्ठेने झाकलेला असतो. ओल्या मऊ कापडाने पुसा. कोरड्या फडक्याने घासाल तर डोमवर (कॅमेऱ्याच्या गोल पारदर्शक झाकणावर) ओरखडे पडतील आणि रात्री त्यांवर आयआर चमकून सगळं पांढरं धुकं दिसेल.

दिवे बंद आहेत आणि तरी रंग नाही, तर केबलवाल्या कॅमेऱ्यांत संशय केबलवर. अशा कॅमेऱ्यांत, म्हणजे ॲनालॉग एचडीमध्ये, रंगाची माहिती सिग्नलच्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर बसलेली असते, आणि लांब, जोड मारलेली किंवा पाणी शिरलेली केबल आधी तीच फ्रिक्वेन्सी खाते. त्यामुळे आकृत्या दिसतात, रंग जातो. कधी रंग येतो-जातो, विशेषतः वाऱ्यात. बीएनसी कनेक्टर (केबलच्या टोकाचं फिरवून बसणारं डोकं) उघडून बघा: जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकलेला असतो, नाहीतर तांब्यावर हिरवा गंज चढलेला असतो. नुसत्या काळ्या टेपने गुंडाळलेले जोड पहिल्या पावसापर्यंतच टिकतात, जंक्शन बॉक्समध्ये घ्या. शंका फेडायची तर कॅमेरा उतरवून डीव्हीआरशेजारी आणा आणि हातभर केबलने जोडा. इथे रंग आला तर कॅमेरा निर्दोष.

डीव्हीआर रीसेट केल्यानंतर लगेच रंग गेला असेल तर तो “पाल” (PAL) या व्हिडिओ पद्धतीवर आहे का बघा. आपल्याकडे पाल चालतं, रीसेटनंतर काही डीव्हीआर एनटीएससी ही दुसरी पद्धत धरून बसतात. आणि कॅमेऱ्याच्या शेपटीवर (मागच्या वायरवर) छोटी जॉयस्टिक असते, ती एका बाजूला पाच सेकंद दाबून धरली की एएचडी, टीव्हीआय, सीव्हीआय असे सिग्नलचे प्रकार बदलतात. कोणत्या बाजूला काय हे कंपनीनुसार वेगळं. फिटिंग करताना ती चुकून दाबली जाते आणि चित्र बेरंग किंवा विचित्र रंगाचं होतं.

हिरव्या नेटचा महिना

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास एक ठरलेला फोन येतो: ओट्यावरचा कॅमेरा हिरवा दिसतो, किंवा गेटबाहेरचा रस्ता गुलाबी दिसतो. मी फक्त विचारतो, “नेट बांधली का?” उन्हासाठी हिरवी शेडनेट बांधलेलीच असते. ओट्यावरचा सगळा उजेड हिरव्या नेटमधून गाळून येतो आणि कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारी सोय) हिरवा कमी करायला जातो. ओटा जरा सुधारतो, पण नेटबाहेरचा उन्हातला रस्ता गुलाबी होतो. दोन प्रकारचे उजेड एका चौकटीत असले की त्याला दोन्ही सांभाळता येत नाहीत. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून “आउटडोअर” किंवा मॅन्युअल करा आणि जो भाग महत्त्वाचा, म्हणजे गेट, त्याचा रंग बरोबर आणा. ओटा हिरवा राहू द्या. जमलं तर नेट पांढरी नाहीतर काळी घ्या, मग काहीच करायला नको.

समोर अख्खी केळीची बाग, नाहीतर कापसावर टाकलेली निळी ताडपत्री असली तरी ऑटो असाच फसतो. रस्त्यावर जुना पिवळा सोडियमचा दिवा असेल तर मात्र आशा सोडा. त्या उजेडात बाकी रंग जवळजवळ नसतातच, कॅमेरा आणणार कुठून.

रात्रभर टक्-टक्

चित्र रंगीत, काळं-पांढरं, परत रंगीत. झोपेत घरच्यांना टक्-टक् ऐकू येतं. आयआरचा उजेड जवळच्या चुनापांढऱ्या भिंतीवरून किंवा समोर लोंबणाऱ्या पानावरून परत लेन्समध्ये येतो, कॅमेऱ्याला दिवस वाटतो, तो दिवे बंद करतो, अंधार होतो, परत दिवे. पान छाटा, कॅमेरा भिंतीपासून दोन बोटं वळवा. डे-नाइटच्या खाली उशीर सेकंदात देता येतो, तो वाढवा. खिडकीच्या काचेमागे ठेवलेल्या वाय-फाय कॅमेऱ्यात तर आयआर बंदच करा आणि बाहेर साधा दिवा लावा.

वाय-फाय आणि आयपी (नेटवर्कच्या तारेवर चालणाऱ्या) कॅमेऱ्यांतले हिरवे-करडे चौकोन हा रंगाचा बिघाड नाही. माहितीचे तुकडे वाटेत गळतात. राउटर जवळ आणा, तारेचं क्रिंपिंग (टोकाचं डोकं दाबून बसवणं) परत करा, आणि फक्त जुन्या मोबाइलवरच हिरवं दिसत असेल तर व्हिडिओचा फॉरमॅट एच-२६५ ऐवजी एच-२६४ करून बघा.

दोन बिघाडांना माझ्याकडे औषध नाही. एक, मिरवणुकीतला लेसर. गल्लीतून डीजे गेला आणि दुसऱ्या दिवसापासून चित्रात आडवी किंवा उभी रंगीत रेघ, तर सेन्सर जळला. पुसून, रीसेट करून काही होत नाही. मिरवणुकीच्या दिवशी रस्त्याकडच्या कॅमेऱ्यावर कापड टाका. दुसरं, थेट मावळत्या सूर्याकडे तोंड करून वर्षानुवर्षं लावलेला कॅमेरा. त्यात कायमचे डाग पडू शकतात.

आणि बिघाड नसताना येणारा एक फोन. मोटारसायकल चोरीला गेली, रात्रीचं रेकॉर्डिंग आहे, त्यात चोराचा शर्ट पांढरा दिसतो. आयआरमध्ये काळा सिंथेटिक शर्टही पांढरा दिसू शकतो. जबाब देताना “शर्ट पांढरा होता” असं लिहून देऊ नका. “रात्रीच्या चित्रात फिकट दिसतो” एवढंच लिहा.